आरोग्य तपासणीची चिठ्ठी

शाळेच्या वार्षिक अंकात परीक्षांचे निकाल, सामन्यांतील यश आणि स्नेहसंमेलनाचा वृत्तांत यांस नेहमी मानाचे स्थान मिळते, व ते योग्यच होय. परंतु दरवर्षी शाळेत घडणाऱ्या एका गोष्टीचा उल्लेख मात्र एका ओळीच्या पलीकडे सहसा जात नाही. ती ओळ अशी: "विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी झाली." या ओळीपुढे पूर्णविराम पडतो, आणि आमच्या मते तो चुकीच्या जागी पडतो. तपासणी झाली म्हणजे कामास आरंभ झाला, एवढाच तिचा अर्थ. हे आम्हांस कसे उमगले ते सांगावयाचे तर प्रथम आमची स्वतःचीच एक चूक कबूल करणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात आमच्याकडे एक मुलगा होता. मुलगा मूळचा हुशार व उत्साही. पण पावसाळा सरता सरता तो सुस्त दिसू लागला. मधल्या सुटीत तो डबा अर्धा टाकून देई, कविता म्हणावयास उठविले असता पुटपुटे, आणि सोप्या गणितांतही चुका करी. आम्ही त्यास दोनदा रागे भरलो, एकदा तर वर्गाबाहेर उभे केले. सहामाही परीक्षेच्या दिवशी तो सुजलेला गाल हातरुमालाने झाकून आला, तेव्हा आमचे डोळे उघडले. त्याच्या कंपासपेटीत, कोनमापकाखाली, चार घड्या घातलेली एक चिठ्ठी निघाली. खालची दाढ किडली असून ती दंतवैद्यास दाखवावी, असे जुलैतील तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तीत लिहून दिले होते. ती त्याने घरी दाखविलीच नव्हती. कारण विचारता तो खाली मान घालून म्हणाला, "सर, बाबांचा खाडा झाला असता."

वडील रोजंदारीवर काम करीत. तालुक्याच्या दवाखान्यात जावयाचे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीस मुकावयाचे, हे त्या बारा वर्षांच्या मुलास ठाऊक होते, आम्हांस नव्हते. आमच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे "चिठ्ठी दिली" असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते, आणि तेवढ्यावर आमचे समाधान झाले होते. जी दाढ जुलैत भरून वाचली असती, ती ऑक्टोबरात काढून टाकावी लागली.

ती दाढ गेल्याचे इतके काय दुःख, दात तर पुन्हा येतात, असे कोणी म्हणेल. येथेच पालकांची एक मोठी गैरसमजूत आहे, तिचा उलगडा करणे अगत्याचे वाटते. मुलास दुधाचे दात वीस असतात, व ते पडून त्यांच्या जागी नवे येतात हे खरे. परंतु सुमारे सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, प्रत्येक बाजूस वर व खाली एकेक अशा चार नव्या दाढा उगवतात. त्या येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे दिसल्या तरी त्या दुधाच्याच समजल्या जातात. वस्तुतः त्या कायमच्या होत. त्या गेल्या तर त्यांच्या जागी दुसऱ्या येत नाहीत. घास चावण्याचा मोठा भार जन्मभर त्यांवरच पडावयाचा असतो. आणि नव्या दाढेचे कवच कोवळे व तिच्या माथ्यावरील खाचा खोल असल्यामुळे कीड प्रथम बहुधा तेथेच लागते. दुधाच्या दातांचीही उपेक्षा करून चालत नाही, कारण ते पुढील दातांची जागा राखून ठेवतात. ते अकाली गेले की शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात व नवे दात वेडेवाकडे येतात.

कीड म्हणजे दातात शिरलेला किडा नव्हे, हेही येथे सांगून ठेवतो. तोंडात राहणारे सूक्ष्म जंतू साखरेवर उपजीविका करतात व आम्ल निर्माण करतात. त्या आम्लाने दाताचे कवच थोडे थोडे विरघळते. लाळ ही झीज काही अंशी भरून काढीत असते, पण तिला त्यासाठी वेळ मिळावा लागतो. म्हणून जेवणाबरोबर एकदा खाल्लेल्या लाडवापेक्षा दिवसभर चघळलेली गोळी दातांस अधिक घातक ठरते. कवचास वेदना होत नाहीत. सबब कीड आतील मज्जेपर्यंत पोहोचेतो मूल तक्रार करीत नाही, आणि ते रडू लागते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. दुखण्याची वाट पाहू नये, दुखण्यापूर्वीच तपासावे, यातील मर्म ते हेच.

जे दातांचे तेच इतर काही विकारांचे. ज्या मुलास फळा अंधुक दिसतो त्यास सर्वांनाच तो तसा दिसतो असे वाटते. तो शेजाऱ्याच्या वहीवरून उतरून घेतो, आणि आम्ही शिक्षक त्यास नकल्या म्हणतो. ज्याचा कान वाहतो त्यास हाक ऐकू येत नाही, आणि आम्ही त्यास बेपर्वा ठरवितो. कान वाहणे वयाबरोबर आपोआप थांबेल असे समजून घरी कोमट तेल घातले जाते, तोवर पडद्याचे छिद्र वाढत राहते. घशाच्या दुखण्याची गोष्ट तर याहून गंभीर आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत एका विशिष्ट जंतूमुळे घसा आला व त्यावर वेळेत उपचार झाला नाही, तर काहींस पुढे सांधे सुजून ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. वेळीच दिलेल्या साध्या पेनिसिलीनने हा अनर्थ टळतो. ज्या मुलास हा ताप एकदा येऊन गेला, त्यास तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन याप्रमाणे कित्येक वर्षे उपचार घ्यावा लागतो. अशा मुलाने त्या दिवशी वर्गातून उठून दवाखान्यात जावे, यात अभ्यासाचे नुकसान मुळीच नाही.

केवळ तपासून थांबण्याची चूक आम्हीच केली असे नाही. मोठमोठी राष्ट्रे याच वाटेने गेली आहेत. १८९९ ते १९०२ या काळात झालेल्या बोअर युद्धाच्या वेळी इंग्लंडात सैन्यभरतीस आलेले पुष्कळ तरुण शरीराने अपात्र ठरले, तेव्हा त्या देशास आपल्या शाळांतील मुलांची आठवण झाली. १९०७ च्या कायद्याने तेथे शाळांमधून वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. उपचाराची व्यवस्था करण्याची मात्र स्थानिक मंडळांस केवळ मुभा होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. डॉक्टर दोष लिहून देत, कागद घरी जात, आणि डॉक्टरांची फी देण्यास असमर्थ असलेले आईबाप ते कागद ठेवून देत. पुढल्या वर्षी तेच मूल तोच दोष घेऊन पुन्हा रांगेत उभे राही.

ही उणीव ओळखून मार्गारेट मॅकमिलन या बाईंनी लंडनच्या गरीब वस्तीत प्रथम १९०८ साली बो येथे व नंतर १९१० साली डेप्टफर्ड येथे शाळकरी मुलांसाठी दवाखाना काढला. शाळेतून निघालेले मूल चालत जाऊन उपचार घेऊन येईल, एवढ्या अंतरावर दवाखाना असावा, हा त्यांचा आग्रह होता. बरी होऊन गेलेली मुले तोच विकार घेऊन परत येतात, कारण त्यांच्या घरी ना स्वच्छ हवा ना पुरेसे पाणी, हेही त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा त्यांनी १९१४ साली लहान मुलांसाठी मोकळ्या हवेतील शाळा उघडली. पुढे १९१८ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांतील मुलांच्या उपचाराची तजवीज करणे हे तेथील मंडळांचे कर्तव्य ठरले. तपासणीपासून उपचारापर्यंत पोहोचण्यास एका संपन्न देशासही अकरा वर्षे लागली.

दातांपुरते पाहता न्यूझीलंड या चिमुकल्या देशाने याहून पुढचे पाऊल टाकले. पहिल्या महायुद्धात तेथील शिपायांच्या दातांची दुर्दशा उघडकीस आली होती. सैन्याच्या दंतविभागाचे प्रमुख असलेले थॉमस हंटर यांनी असा विचार मांडला की, दंतवैद्य थोडे आणि मुले फार, तर तरुण स्त्रियांस दोन वर्षे शिकवून केवळ मुलांच्या दातांचे काम त्यांजवर सोपवावे. १९२१ साली वेलिंग्टन येथे हे शिक्षण सुरू झाले. या परिचारिका शाळेच्या आवारातील छोट्याशा इमारतीत बसत, पायाने चालविण्याच्या यंत्राने कीड कोरून काढीत व दात भरीत. मुलांस यंत्राची इतकी धास्ती असे की, त्यांनी त्या इमारतीस "खुनाचे घर" असे नाव ठेवले होते! तरीही दवाखाना अंगणातच असल्यामुळे पालकांचा दिवस मोडत नसे आणि कोणतेही मूल वाटेत गळत नसे. पुढे इतर देशांनी हा धडा गिरविला.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ साली बडोदे शहरात झाली. पण असे प्रयत्न तुरळकच राहिले. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, असे स्पष्ट नमूद केले. त्यानंतर अनेक योजना झाल्या. सध्याच्या व्यवस्थेचा, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा, आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

या कार्यक्रमाची रचना पालकांनी समजून घ्यावी अशी आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले तीत येतात. जन्मजात व्यंगे, पोषणातील उणिवा, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब अशा चार वर्गांत मिळून आरंभी तीस विकार तपासणीसाठी ठरविले गेले. दातांचे विकार, वाहणारा कान व वर सांगितलेला हृदयविकार हे त्यांतच आहेत. एक पुरुष व एक स्त्री असे दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता यांचे पथक गाडीने गावोगाव फिरते. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी असा नियम आहे. साध्या आजारावर तेथेच औषध मिळते. बाकीच्यांस चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अथवा जिल्हा रुग्णालय येथे पाठविले जाते. दात भरणे वा काढणे हे काम फिरत्या गाडीत होण्यासारखे नाही, म्हणून दातांच्या बहुतेक मुलांच्या हाती चिठ्ठीच येते. या कार्यक्रमातून पाठविलेल्या मुलांचे उपचार विनामूल्य असतात. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार विनामूल्य करण्याचा निर्णय शासनाने अंमलात आणला. तेव्हा पैशाच्या भीतीने चिठ्ठी दडवून ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

मग चिठ्ठी अडते कोठे? आमच्या अनुभवास आलेली कारणे थोडक्यात सांगतो. पहिले कारण खाड्याचे. ते खरे आहे व त्याची थट्टा करणाऱ्याने एकदा रोजंदारी करून पाहावी. दुसरे, दुखत नाही तर जावयाचे कशास, ही समजूत. तिसरे कारण भीतीचे, आणि तीस आम्ही मोठी माणसेच जबाबदार आहो. मूल ऐकेनासे झाले की "थांब, डॉक्टर सुई टोचतील" असे आपण म्हणतो, आणि पुढे त्याच डॉक्टरांपुढे त्याने हसत तोंड उघडावे अशी अपेक्षा करतो. चौथे, मुलीस चष्मा लागला तर तिच्या लग्नास अडचण येईल ही शंका. तिच्यापायी कित्येक मुली शिक्षणास मुकतात. पाचवे कारण घरगुती उपायांचे. दाढ दुखू लागली की आजी प्रेमाने मशेरी लावावयास देते, कोणी तंबाखूची चिमूट दाढेत धरावयास सांगतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू होय. तिने क्षणभर बधिरता येते, कीड तशीच राहते, आणि कोवळ्या वयात तंबाखूचे व्यसन मात्र जडते. वडीलधाऱ्यांचा मान राखूनही ही गोष्ट नाकारलीच पाहिजे.

या अनुभवानंतर आम्ही आमच्या नोंदवहीत "चिठ्ठी दिली" या रकान्यापुढे आणखी दोन रकाने आखले: "दवाखान्यात गेला काय?" आणि "उपचार पुरा झाला काय?" हे दोन्ही भरल्याशिवाय त्या मुलाची नोंद पुरी समजावयाची नाही. ज्यांस एकाच दवाखान्यात जावयाचे आहे अशा मुलांचा एक दिवस ठरवावयाचा, पालकांची लेखी संमती घ्यावयाची, आणि एखादे शिक्षक व सवड असलेले एक-दोन पालक यांनी सर्वांस मिळून घेऊन जावयाचे. अशाने दहा घरांचे दहा खाडे वाचतात, आणि सोबत्यांच्या संगतीत मुलांची भीतीही निम्मी होते. दवाखान्यातील मंडळींस आधी कळविले तर गर्दी नसलेला दिवस तेच सुचवितात, असा आमचा अनुभव आहे.

दवाखाना जवळचा व ओळखीचा असण्याचा उपयोग एखाद्या दिवशी क्रीडांगणावरही होतो. चेंडू लागून वा पडून पुढचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो फेकून देऊ नये. पांढरा भाग धरून उचलावा, मुळास बोट लावू नये व ते घासू नये. माती लागली असल्यास पाण्याने अलगद धुवावा. जमल्यास त्याच जागी बसवावा, न जमल्यास दुधात ठेवावा आणि मुलासह तत्काळ दंतवैद्याकडे न्यावे. अर्ध्या तासाच्या आत पोहोचले तर तो दात पुन्हा रुजण्याचा पुष्कळ संभव असतो. दुधाचा दात मात्र असा परत बसवू नये. कोठे जावयाचे हे ज्यास आधीच ठाऊक असते, तोच ही अर्धी घटका वाचवू शकतो.

पालकांस आमची विनंती इतकीच की, तपासणीच्या दिवसानंतर मुलास आपण होऊन विचारावे, "डॉक्टर काय म्हणाले?" त्याचे दप्तर एकदा पाहावे. तालुक्यास जाणे खरोखरच अशक्य असेल तर ते संकोच न करता आम्हांस सांगावे. त्यात कमीपणा नाही. रात्री निजण्यापूर्वी मुलाने दात घासले की नाही, याकडे लक्ष द्यावे. फ्लोराइड असलेली पेस्ट लहानास वाटाण्याएवढी पुरते. कडुनिंबाची काडी ज्यांस आवडते त्यांनी ती जरूर वापरावी, पण तेवढ्यावर विसंबू नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. आईबापांचे कष्ट ओळखून आपले दुखणे लपविणारा मुलगा मनाने थोर खरा. पण त्याच्या त्या थोरपणाची किंमत शेवटी आईबापांसच अधिक मोजावी लागते. ज्याचा एक खाडा वाचविला, त्या बापास पुढे दाढ काढण्यासाठी व सूज उतरविण्यासाठी तीन दिवस घरी बसावे लागले, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून चिठ्ठी मिळाली की ती त्याच दिवशी घरी द्या. घरी देण्याचा धीर होत नसेल तर आमच्या हाती द्या. ती पुढे दवाखान्यापर्यंत पोहोचविणे हे आमचे काम आहे.

तो मुलगा पुढे दहावीची परीक्षा उत्तम रीतीने उतरला. मध्यंतरी तो भेटावयास आला असता मोकळेपणाने हसला, तेव्हा गालाच्या आतील ती रिकामी जागा आम्हांस दिसली. त्यास तिचे काही वाटत नसावे. आम्ही मात्र दरवर्षी जुलैत नोंदवही उघडताना तिचे स्मरण करतो, आणि दोन्ही रकाने भरेपर्यंत ती वही मिटत नाही.